तिनं पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं, तर

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. त्यानंतर ती गावाकडच्या गाडीत बसली, वाटेत जवळच्या एका व्यक्तीला फोन करून घडलेलं सांगितलं, आणि त्या बोलण्यानंतर माघारी फिरून तिनं पोलिसांत फिर्याद दिली. पुढचे कित्येक दिवस चर्चा झाली ती स्थानकातल्या अंधाराची, सुरक्षारक्षकांची, आवारात पडून असलेल्या जुन्या गाड्यांची आणि आरोपीच्या शोधाची. त्या फोनबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मला मात्र सगळ्यात जास्त विचार करावासा वाटतो तो त्या फोनचा. पलीकडून आधी "तू तिथे गेलीसच कशाला?" असा प्रश्न आला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं, अशी दाट शक्यता आहे.

हा लेख त्या फोनच्या पलीकडच्या टोकाला असणाऱ्यांसाठी आहे. पुण्यात अशा लाखो मुली आहेत, ज्यांचं घर इथं नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्या, कर्वेनगरच्या हॉस्टेलात राहणाऱ्या. त्यांच्यापैकी कुणावर अत्याचार झाला तर ती थेट समुपदेशकाकडे जाणार नाही. ती रूममेटला सांगेल, मावसबहिणीला सांगेल, हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना नाही तर मेसच्या काकूंना सांगेल. म्हणजे तुम्हालाच सांगेल.

अत्याचारात काय हिरावलं जातं, हे नीट समजलं की पुढचं बरंचसं आपोआप सुचतं. त्या वेळी तिच्या शरीराबाबतचा निर्णय दुसऱ्यानं घेतलेला असतो. त्यामुळे मदतीला आलेल्या माणसानं चांगल्या हेतूनंही तिच्या वतीनं निर्णय घ्यायला सुरुवात केली, तिला हाताला धरून गाडीत बसवलं, तिच्या घरी परस्पर फोन लावला, तर तिच्यासाठी तेच पुन्हा घडत असतं. संकटकाळातल्या समुपदेशनाचा गाभा एवढाच आहे, की निर्णय एकेक करून तिच्या हातात परत द्यायचे. अगदी साध्यापासून सुरुवात करायची. चहा घेशील की पाणी? दार बंद करू की उघडं ठेवू? मी शेजारी बसू की समोर? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण त्या घटकेला ते फार मोठं काम करतात.

फोन आला तर पहिलं वाक्य, "तू आत्ता कुठे आहेस? तिथं सुरक्षित आहेस का?" तो माणूस अजून आसपास असेल, तर उजेडात, चार माणसांत जायला सांगा, ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा, आणि तुम्ही पोचेपर्यंत फोन चालू ठेवा. दुसरं वाक्य, "सांगितलंस ते बरं केलंस." तिसरं, "यात तुझी काही चूक नाही." हे तिसरं वाक्य ती लगेच मान्य करणार नाही. तरी म्हणा, आणि पुढच्या काही दिवसांत पुन्हा म्हणा. त्यानंतर गप्प बसा. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर खोदून विचारू नका. मनात साठलेलं एकदा ओकून टाकलं की मोकळं वाटतं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. पण धक्क्यानंतर लगेच सगळा प्रसंग तपशिलानं वदवून घेतल्यानं फायदा होत नाही, उलट काहींना त्रासच होतो, असं जगभरच्या अनुभवातून दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते. तपशील पोलिसांना आणि डॉक्टरांना लागणार आहेत. तुम्हाला ते लागत नाहीत.

आणि काही प्रश्न जिभेवर आलेच तरी गिळून टाका. एवढ्या रात्री कशाला बाहेर होतीस, त्याला आधीपासून ओळखत होतीस का, आणि सगळ्यात वाईट, ओरडली का नाहीस. या शेवटच्या प्रश्नापाशी जरा थांबायला हवं, कारण महाराष्ट्रानं त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज पोलिस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं प्रतिकार केलेला दिसत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. त्याविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांतल्या एक होत्या पुण्याच्या वसुधा धगमवार. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा मुद्दा होता. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्टच लिहिलेलं आहे, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही.

शरीरशास्त्रही हेच सांगतं. जिवावर बेतलं की माणूस लढतो किंवा पळतो हे आपण शाळेत शिकलो. तिसरी गोष्ट शिकलो नाही, ती म्हणजे गोठून जाणं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममधल्या बलात्कारानंतरच्या आपत्कालीन उपचार केंद्रात आलेल्या सुमारे ३०० स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी असं लक्षणीय गोठलेपण अनुभवलं होतं, आणि त्यांना पुढे मानसिक आजाराचा धोकाही जास्त होता. तरीही स्वारगेटच्या घटनेनंतर तिनं आरडाओरडा का केला नाही, असं जाहीरपणे विचारणारे निघालेच. अत्याचार झालेल्या मुलीलाही रात्रभर हाच प्रश्न छळत असतो. "शरीरानं तुला जिवंत ठेवण्यासाठी जे सुचलं ते केलं" हे तिला सांगणारं कुणीतरी हवं, आणि तुम्ही ते सांगू शकता.

आता वेळेचं गणित. पोलिसांत जायचं की नाही हे ठरवायला तिला वेळ लागू शकतो आणि तो तिला द्यायला हवा, पण काही औषधं थांबत नाहीत. नको असलेला गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी जास्त उपयोगी. ती कोणत्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सुरू होतात. तीही ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, शक्यतो पहिल्या काही तासांतच, आणि मग २८ दिवस न चुकवता घ्यायची असतात. याशिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन, हिपॅटायटिस बीची लस आणि इतर लैंगिक आजारांसाठीची औषधं. म्हणून तिला असं विचारा, "पोलिसांचं नंतर ठरवू. आधी डॉक्टरकडे जाऊ या का?" बहुतेक वेळा हा प्रश्न पेलण्याजोगा असतो.

पुण्यात ससून हे सगळ्यात मोठं सरकारी रुग्णालय. औंधला जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरीला वायसीएम आहे. पण कायद्यानं कुठलंही रुग्णालय, खासगीसुद्धा, तिला परत पाठवू शकत नाही. प्रथमोपचार आणि वैद्यकीय उपचार ताबडतोब आणि विनामूल्य करायचे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं. टाळाटाळ केली तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी पोलिसांचं पत्र आणा" असं काउंटरवर कुणी म्हणालं तर शांतपणे पण ठामपणे सांगा, की पत्र लागत नाही. एक गोष्ट मात्र तिला आधीच सांगून ठेवा. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं. पोलिस आले म्हणजे तिनं फिर्याद दिलीच पाहिजे असं नाही. तिला तूर्त नको असेल तर तसं लिहून घेतलं जातं, आणि उपचार तरीही मिळतात. हे ठाऊक नसलं तर वॉर्डात खाकी गणवेश दिसताच तिला वाटतं, आपल्याला फसवून इथं आणलं.

निघताना बरोबर काय घ्यायचं, हे त्या गडबडीत कुणाला सुचत नाही. कपड्यांचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसह, कारण अंगावरचे कपडे तपासणीसाठी ठेवून घेतात. चपला, सॅनिटरी पॅड, ओळखपत्र, मोबाइलचा चार्जर, पाण्याची बाटली. शक्य असेल तर तिनं अंघोळ केलेली नसावी, पण केली असेल तर "हे काय केलंस" असा चेहरा करू नका. अंघोळ करावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि त्यानंतरही बरंच काही सापडू शकतं. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, आणि त्यानंतरही तपासणी व उपचारांना अर्थ असतोच. त्या वेळचे कपडे बदलले असतील तर न धुता, प्रत्येक कपडा वेगळा, कागदाच्या पिशवीत किंवा कोऱ्या कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा खराब होतो. फोनमधले मेसेज, कॉल, फोटो यांतलं काही पुसू नका. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून जागा सांगता येत असेल तर ती पोलिसांना लवकर कळलेली बरी.

तपासणीत काय होणार, हे आधी कळलं की भीती बरीच ओसरते. डॉक्टर आधी संमती विचारतात आणि ती लिहून घेतात. ही संमती टप्प्याटप्प्याची असते. रक्त घ्या म्हणून सांगून आतली तपासणी नको म्हणता येतं, सुरू झालेली तपासणी मध्येच थांबवता येते. मोठ्या कागदावर उभं राहून कपडे उतरवायला सांगतात, म्हणजे अंगावरून पडलेला केस किंवा धागाही हाती लागावा. जखमा असतील तर आकृतीवर मांडतात, नखांतले, तोंडातले, जननेंद्रियाचे नमुने कापसाच्या बोळ्यानं घेतात. डॉक्टर पुरुष असेल तर स्त्री कर्मचारी हजर असायलाच हवी, आणि तिला हवी असलेली एक व्यक्ती जवळ थांबू शकते. दोन बोटांची म्हणून जी चाचणी पूर्वी करत, ती बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं बजावलं आहे. कुणी तसा प्रयत्न केला तर नाही म्हणा आणि त्या डॉक्टरचं नाव लिहून ठेवा.

फिर्याद द्यायचं तिनं ठरवलं, तर हद्दीचा प्रश्न आडवा येऊ देऊ नका. घटना साताऱ्यात घडली आणि ती पुण्यात असली तरी पुण्यातल्या कुठल्याही पोलिस ठाण्याला झिरो एफआयआर नोंदवून घ्यावाच लागतो. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, आणि तो तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणीही घेता येतो. सही करण्याआधी पूर्ण वाचायला मागा. मराठी वाचता येत नसेल तर तिच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. धक्क्यात असलेल्या माणसाला प्रसंग सलग आठवत नाही. भिंतीचा रंग लख्ख आठवतो आणि किती वाजले होते ते आठवत नाही. म्हणून जे आठवत नाही तिथं "आठवत नाही" असंच लिहू द्यावं. अंदाजानं भरलेली वेळ पुढे उलटतपासणीत तिच्यावरच उलटते. पुणे पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशकांची मदत मिळते. १८१ या महिला हेल्पलाइनवरून सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात. तिथं तात्पुरता निवारा, वकील, समुपदेशन आणि पोलिस मदत एका छपराखाली मिळावी अशी ही योजना आहे.

ती १८ वर्षांच्या आतली असेल, तर मात्र नियम बदलतात. पोक्सो कायद्यात अशी घटना कळलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, मग ते शिक्षक असोत, शेजारी असोत की सख्खी आत्या. म्हणून मुलांना "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "जे तुला मदत करू शकतात, त्यांनाच सांगेन" एवढंच म्हणा, आणि तेवढंच पाळा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बालकल्याण समिती खटला संपेपर्यंत मुलासोबत राहणारी सहायक व्यक्ती नेमून देऊ शकते. ती आवर्जून मागा. हा कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे, आणि मुलग्यांच्या बाबतीत आपण अजूनही फार आंधळे आहोत. प्रौढ पुरुषांना बलात्काराच्या कलमाचं संरक्षण नाही, पण उपचार आणि समुपदेशन त्यांनाही हवंच असतं, आणि ते मागताना कुणी हसू नये एवढी खबरदारी आपण घेऊ शकतो. नवऱ्याच्या जबरदस्तीला आपला कायदा अजून बलात्कार मानत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. तरी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लैंगिक हिंसेला हिंसाच म्हणतो, आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं. कंपनीत घडलेल्या प्रकारात कंपनीची लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती पोलिसांची जागा घेऊ शकत नाही. "आधी आतल्या आत पाहू" असं मनुष्यबळ विभागानं सुचवलं, तरी दोन्ही वाटा एकाच वेळी मोकळ्या आहेत, हे तिला माहीत असू द्या.

घरचे. यावर खरं तर वेगळाच लेख लिहायला हवा. बाप किंवा भाऊ "मी त्याला जिवंत सोडणार नाही" म्हणत उठतात, आणि मग अत्याचार झालेली मुलगीच त्यांचे पाय धरत बसते. आई रडत म्हणते, गावात कळलं तर तुझं लग्न कसं व्हायचं. कुणी काका समजुतीनं मिटवायची भाषा काढतात, क्वचित त्याच माणसाशी लग्न लावून देण्याची. या गुन्ह्यात तडजोड कायद्याला मान्य नाही, हे त्यांना सरळ सांगा. ती सज्ञान असेल तर घरी कळवायचं की नाही, कधी आणि कुणी, हे तिनंच ठरवायचं. हॉस्टेलच्या रेक्टरनं पालकांना कळवणं ही आपली जबाबदारी मानू नये. तिची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. नाव न घेता गाव, कॉलेज, कंपनी सांगितली तरी ओळख उघड होते. काळजीपोटी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली एक ओळही परत घेता येत नाही.

पुढचे काही आठवडे ती कशी वागेल, याचा साचा नसतो. कुणी अखंड रडतं, कुणी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातं आणि हसतंही. हसली म्हणून काही झालं नव्हतं असं नाही. झोप न लागणं, दचकणं, विशिष्ट वास आला की मळमळणं, अंग धुतच राहणं, एकदम बधिर होणं, हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत अपेक्षितच आहे. प्रसंग डोळ्यांसमोर येऊन ती थरथरू लागली तर शांत आवाजात तिला आत्ताच्या जागी आणा. "दोन्ही पाय जमिनीला टेकव. खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं सांग." विचारल्याशिवाय पाठीवर हात ठेवू नका. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारा. विचारल्यानं तसले विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट एकटीनं वाहिलेलं ओझं बोलता येतं. उत्तर हो असेल तर त्या रात्री तिला एकटं ठेवू नका, आणि १४४१६ या टेलिमानसच्या विनामूल्य क्रमांकावर बोला. महिना उलटूनही त्रास ओसरत नसेल, तर आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. पहिल्या भेटीत मन जुळलं नाही तर दुसरीकडे जायला हरकत नाही. या शहराला अशा कामाची जुनी परंपरा आहे. १९८२ मध्ये विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. मंचानं चालवलेल्या 'बोलते व्हा' केंद्रात पुण्यातल्या कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या.

पाळी चुकली तर वाट बघत बसू नका. बलात्कारातून राहिलेला गर्भ गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपर्यंत पाडता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे दोघांचं लागतं. सज्ञान स्त्रीला यासाठी दुसऱ्या कुणाचीही परवानगी लागत नाही. गुन्हा नोंदवला असेल तर डॉक्टरांना ते सांगावं, म्हणजे डीएनए तपासणीसाठी नमुना जपून ठेवता येतो. पैशांच्या मदतीसाठी राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, प्रकरणानुसार १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. विनामूल्य वकीलही तिथूनच मिळतो, फोन १५१००.

खटला उभा राहायला वर्षं जातात. दरम्यान ती सावरलेली असते, नोकरी करत असते, आणि एक दिवस साक्षीचं समन्स येतं. झोप पुन्हा उडते, जुने वास परत येतात. ती मागे गेली असं समजू नका, हे होतंच. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांची भेट मागा, जबाबाची प्रत तिला निवांत वाचू द्या, जमलं तर एकदा रिकामं कोर्ट दाखवून आणा, साक्षीदाराचा पिंजरा कुठे, आरोपी कुठे उभा असेल ते. सुनावणी बंद दाराआड होते. तिच्या पूर्वायुष्याबद्दल प्रश्न विचारायला मनाई आहे, तसा प्रश्न आला तर सरकारी वकिलांनी हरकत घ्यायला हवी, आणि हे त्यांना आधीच सांगून ठेवता येतं. थकवा आला तर तिनं न्यायाधीशांकडे पाणी मागावं, थोडा वेळ मागावा. त्या दिवशी सुट्टी काढून तिच्यासोबत जा, डबा बरोबर घ्या, आणि तारीख पुढे ढकलली गेली तर पुढच्या तारखेलाही आपणच येणार, हे तिला कोर्टातून बाहेर पडायच्या आधी सांगा.